चीनमधील एक लाकडी मंडप व आपलें खणांचें घर

घराचा मोठेपणा सांगण्याची खानदेशांत एक जुनी रीत आहे व ती अद्याप वडील मंडळींच्या तोंडून ऐकूं येते. घर किती लांब व किती रुंद, हें तीं माणसें फुटांत सांगत नाहींत. अमक्याचें घर आठ खणांचें, तमक्याचा वाडा सोळा खणांचा, असें सांगतात. दोन तुळयांमधील जागा म्हणजे एक खण. तुळई खांबांवर टेकलेली असते. तेव्हां खण मोजणें म्हणजे वस्तुतः खांबांच्या रांगा मोजणें होय. भिंत किती जाड आहे, ती विटेची कीं मातीची, याचा त्या मापाशीं कांहींएक संबंध नाहीं. घर उभें राहतें तें खांबांवर, भिंतींवर नव्हे, ही जुन्या सुतारांची समजूत त्या एका शब्दांत सांठविलेली आहे.

हिमालयापलीकडे चीन देशांतहि घर याच रीतीनें मोजीत आले आहेत. तेथील शब्द ‘ज्येन’ असा आहे आणि त्याचा अर्थ आपल्या ‘खण’ शब्दाहून फारसा निराळा नाहीं. ही रीत एकानें दुसऱ्यापासून घेतली असें समजण्याचें कारण नाहीं. लाकडानें घर बांधणारा मनुष्य कोठेंहि असो, तो खांबांच्या हिशेबानेंच विचार करूं लागतो. ज्या इमारतीची ओळख आम्ही वाचकांस करून देऊं इच्छितों ती रुंदीला पांच ज्येन व खोलीला चार ज्येन आहे. मोठमोठे वाडे पाहिलेल्या आपल्या लोकांना हा आंकडा कांहीं फार वाटणार नाहीं. परंतु ही इमारत हजाराहून अधिक वर्षें उभी आहे, आणि तिचा सर्व सांगाडा लाकडाचा आहे.

चीनची राजधानी बीजिंग, म्हणजे आपल्या जुन्या भूगोलांतील पेकिंग. तिच्या पूर्वेस सुमारें ९० किलोमीटरांवर जीचौ नांवाचें गांव आहे. तें आज तिएन्जिन महानगराच्या हद्दींत मोडतें. त्या गांवीं दूले नांवाचा बौद्ध मठ असून त्यांत क्वान-यिनचा मंडप आहे. तो इ. स. ९८४ मध्यें, ल्याओ घराण्याच्या राजवटींत, बांधला गेला. त्या सुमारास आपल्याकडे राष्ट्रकूटांचें राज्य नुकतेंच लयास गेलें होतें. मंडपाची उंची सुमारें २३ मीटर आहे. बाहेरून पाहणाऱ्यास तो दुमजली दिसतो. आंत मात्र मजले तीन आहेत, कारण दोहोंच्या मधला एक बुटका मजला बाहेरच्या वळचणीआड लपलेला आहे. आंत मातीची, सुमारें १६ मीटर उंचीची एकच मूर्ति उभी आहे. ती तिन्ही मजल्यांतून वर गेली असून तिच्याकरितां मजल्यांचा मध्यभाग मोकळा सोडला आहे. खालीं उभें राहिलें असतां मूर्तीचे पाय व वस्त्राच्या चुण्या दिसतात. वरच्या मजल्यावर चढून गेल्यावर तिचें मुख समोर येतें. मूर्ति आधीं कल्पून तिच्याभोंवतीं घर उभारावें, तशी ही रचना आहे.

क्वान-यिन म्हणजे आपल्याकडील अवलोकितेश्वर. जगाचा आक्रोश ऐकून घेणारा तो, असा त्या चिनी नांवाचा भाव आहे. जळगांवाहून सुमारें ६० किलोमीटरांवर असलेल्या अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत, हातीं कमळ घेतलेला, मान किंचित् कललेला जो पद्मपाणि आपण पाहतों, तोच हा. दूले येथील मूर्तीच्या मस्तकावर लहान लहान दहा मस्तकें असून ती एकादशमुख म्हणून प्रसिद्ध आहे. ह्युएन-त्संग हा चिनी यात्रेकरू सातव्या शतकांत महाराष्ट्रांत आला होता; त्यानें डोंगरांत कोरलेल्या ज्या एका मोठ्या विहाराचें वर्णन लिहून ठेविलें आहे तें अजिंठ्याचेंच असावें असें पुष्कळ विद्वानांचें मत आहे. देव, ग्रंथ, मूर्तींची लक्षणें हीं सर्व या वाटांनीं चीनमध्यें गेलीं. घर बांधण्याची विद्या मात्र चिनी लोकांनीं स्वतःचीच ठेविली, आणि बोधिसत्त्वाला आपल्या देशी घरांत बसविलें.

आतां हें घर उभें कसें आहे तें पाहूं. खालच्या मजल्यावर खांबांचीं दोन कडीं आहेत, एक आंत व एक बाहेर. बाहेरच्या कड्यांत १८ व आंतल्या कड्यांत १० मिळून २८ खांब होतात. एकहि खांब जमिनींत पुरलेला नाहीं. प्रत्येक खांब दगडी बैठकीवर नुसता ठेविलेला आहे. आपल्याकडील जुन्या वाड्यांतहि खांबाखालीं असाच दगड असतो; त्याला तळखडा म्हणतात. लाकूड मातीला लागलें कीं ओल धरतें, वाळवी चढते आणि थोड्याच वर्षांत बुंधा पोखरला जातो. दगडावर उभा केलेला खांब कोरडा राहतो. शिवाय जमीन हादरली तर तो दगडावर किंचित् सरकूं शकतो, मोडत नाहीं.

खांब अगदीं सरळ उभे नाहींत. ते रेसभर आंतल्या बाजूस झुकविलेले असतात. तसेंच मधल्या खांबांपेक्षां कोपऱ्यांकडचे खांब क्रमाक्रमानें थोडे अधिक उंच असतात. डोळ्यांना हें सहसा कळत नाहीं. कळतें तें इतकेंच, कीं वळचणीची रेघ दोन्ही टोंकांस हलकीशी उचललेली आहे आणि इमारत भक्कम बसलेली आहे. आंत झुकलेले खांब छपराच्या भाराखालीं एकमेकांकडे रेटले जातात, म्हणून सांगाडा फांकत नाहीं. हा झुकाव वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें आपल्याच एका लेण्यांत त्याची गांठ पडणार आहे.

चिनी बांधकामाचें खरें मर्म खांब व छप्पर यांच्या मध्यें आहे. खांबाच्या माथ्यावर प्रथम एक चौकोनी ठोकळा बसवितात. तो वर रुंद व खालीं निमुळता असतो. धान्य मोजण्याच्या मापासारखा त्याचा आकार, आणि त्या मापाचेंच ‘दौ’ हें नांव त्याला मिळालेलें आहे. ठोकळ्याच्या डोक्यावर फुलीच्या आकाराची खाच असते. तींत दोन लांकडी हात एकमेकांना छेदून बसतात. एक भिंतीच्या दिशेनें जातो, दुसरा बाहेर वळचणीकडे येतो. या हातांच्या टोंकांवर पुन्हां लहान ठोकळे, त्यांवर पुन्हां अधिक लांब हात, असे थरावर थर चढत जातात. शेवटीं खांबापासून बरेंच पुढें आलेलें छपर या उलगडत गेलेल्या हातांवर विसांवतें. कांहीं ठिकाणीं या थरांतून एक तिरपें लाकूड आरपार जातें. त्याचें बाहेरचें टोंक वळचणीचा भार घेतें आणि आंतलें टोंक छपराच्या भाराखालीं दबलेलें असतें, म्हणजे तराजूच्या दांडीसारखे दोन्ही भार एकमेकांस तोलून धरतात. मंदिरांतील दगडी खांबांवर तुळईला आधार देणारा जो भाग आपले जाणते लोक ‘हस्त’ या नांवानें ओळखतात, त्याचाच हा फार वाढलेला लाकडी भाऊ म्हणावा. क्वान-यिन मंडपांत अशा जुडग्यांचे २४ प्रकार मोजलेले आहेत. कोपऱ्यावर एक, मधल्या खांबावर दुसरा, वरच्या मजल्यावर तिसरा, जेथें जसा भार तेथें तसा प्रकार. केवळ शोभेकरितां केलेला असा त्यांत जवळजवळ एकहि नाहीं. मुख्य सांधे खिळ्यांविना, खाचेंत टोंक बसवून केलेले आहेत.

इतके तुकडे निरनिराळ्या सुतारांनीं तासावयाचे आणि ते एकमेकांत अचूक बसावयाचे, हें माप ठरविल्यावांचून साधणार नाहीं. इ. स. ११०३ मध्यें, सुंग राजवटींत, ली ज्ये नांवाच्या अधिकाऱ्यानें तयार केलेला ‘यिंग-त्साओ फा-शी’ हा बांधकामाचा ग्रंथ सरकारांतून छापून प्रसिद्ध झाला. त्यांत सर्व लाकूडकामाचें मूळ माप म्हणून त्या आडव्या हाताचा छेद घेतला आहे. त्याची उंची १५ भाग व रुंदी १० भाग, म्हणजे तीनास दोन हें प्रमाण. इमारत राजवाडा असो कीं बागेंतील लहानसा मांडव असो, हें प्रमाण बदलत नाहीं. बदलते ती भागाची लांबी, आणि तिच्या आठ पायऱ्या ग्रंथांत बांधून दिल्या आहेत. गोल ओंडक्यांतून तुळई काढावयाची तर उंची व रुंदी यांचें प्रमाण साधारण याच्या आसपास ठेवल्यास ती अधिकांत अधिक भार सहन करते, असें आजचें गणित सांगतें. ली ज्येनें पुस्तकांत शास्त्र शिकविलें नाहीं; सुतारांच्या हातांत जें होतें तें विचारून घेऊन कागदावर उतरविलें. आमच्या मतें हीच त्या ग्रंथाची मोठी थोरवी होय. सुताराचें ज्ञान लिहून ठेवण्याजोगें आहे असें एका दरबारी अधिकाऱ्यास वाटलें, ही गोष्ट त्या काळीं तरी कोठेंहि सामान्य नव्हती.

या मंडपानें मोठमोठे भूकंप पाहिले. १६७९ सालच्या भूकंपांत त्या मुलुखांतील असंख्य घरें पडलीं. १९७६ सालीं जवळच्याच तांगशान शहराचा भूकंपानें संहार झाला. दोन्ही वेळां मंडप उभा राहिला. हादरा बसला कीं ते शेंकडों सांधे थोडे थोडे हलतात, एकमेकांवर घासतात आणि धक्क्याचा जोर त्या घासण्यांतच खर्ची पडतो. भिंती पडतील पण घर पडणार नाहीं, अशा अर्थाची एक म्हणच चिनी भाषेंत आहे. याचें दुःखद प्रत्यंतर महाराष्ट्रांतहि मिळालें. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटें किल्लारीच्या भूकंपांत हजारों माणसें दगडमातीच्या जड भिंतींखालीं व माळवदाखालीं गाडलीं गेलीं. परंतु ज्या घरांत माळवदाचा भार भिंतींवर नसून लाकडी खांबांवर होता, त्यांतील कित्येक घरांच्या भिंती कोसळूनहि खणांचा सांगाडा उभा राहिला. अर्थात् आपलें माळवद किंवा खानदेशी धाबें मातीच्या थरांनीं फार जड होतें आणि त्याचे सांधे चिनी सांध्यांइतके लवचीक नाहींत, हें विसरून चालणार नाहीं.

यावर कोणी विचारील कीं, आपल्या देशांत सागासारखें लाकूड असतां हजार वर्षांचा एखादा लाकडी मंडप कां दाखवितां येत नाहीं? तो होता, हें निश्चित. त्याची साक्ष दगडांत आहे. भाजें येथील चैत्यगृहांतील दगडी खांब आंतल्या बाजूस झुकलेले आहेत. डोंगराच्या पोटांत कोरलेल्या खांबावर कसलाहि रेटा नसतो, त्याला झुकण्याचें कांहींच प्रयोजन नाहीं. तरीहि कोरणाऱ्यानें तो झुकता कोरला, कारण ज्या लाकडी सभागृहाची तो नक्कल करीत होता त्यांत खांब तसे झुकलेले असत. कार्ल्याच्या चैत्यगृहांत तर छताखालीं खऱ्या लाकडी कमानी बसविलेल्या आहेत व सुमारें दोन हजार वर्षांनंतरहि त्या तेथें दिसतात. त्या कांहीं उचलून धरीत नाहींत. डोंगर आपल्या बळानें उभा आहे. अजिंठ्याचें दहावें लेणें, ज्याच्या एका खांबावर १८१९ सालीं जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानें आपलें नांव खरडून ठेविलें, तेंहि याच जातीचें असून त्यांतील अशा लाकडी कमानी केव्हांच नाहींशा झाल्या. त्याच अजिंठ्याच्या भिंतींवर, विशेषतः पहिल्या व सतराव्या लेण्यांतील चित्रांत, राजेराण्या बसल्या आहेत ते मंडप पाहावेत. इतके सडपातळ खांब दगडाचे असूं शकत नाहींत. चित्रकारानें रोज पाहिलेले लाकडी मंडप त्यानें काढले आहेत.

म्हणजे आपल्याजवळ चित्र आहे, दगडांतील नक्कल आहे. मूळ वस्तु मात्र नाहीं. चीनमध्येंहि जवळजवळ तशीच स्थिति होऊं पाहत होती. विसाव्या शतकाच्या आरंभीं जुन्या लाकडी इमारती चीनमध्यें उरल्या आहेत कीं नाहींत याचीच तेथें खात्री नव्हती. ती पाहावयाची तर जपानांत जावें, असें म्हणणारे विद्वान् होते. ली ज्येचा ग्रंथ १९१९ सालीं नानकिंगच्या ग्रंथालयांत पुन्हां हातीं लागला व छापलाहि गेला, परंतु त्यांतील शब्द कोणास उलगडेनात. लियांग सिचेंग हा अमेरिकेंत वास्तुविद्या शिकून परतलेला तरुण तो ग्रंथ घेऊन उतारवयाच्या सुतारांकडे गेला व त्यांच्यापासून एकेक शब्द समजून घेऊं लागला. १९३२ सालच्या एप्रिल महिन्यांत तो दूले मठांत पोंचला. वळचणीखालचीं तीं जुडगीं दृष्टीस पडतांच तीं बीजिंगच्या राजवाड्यांतल्यासारखीं नसून तुन्हुआंगच्या गुहांतील जुन्या भित्तिचित्रांत काढल्यासारखीं आहेत हें त्यानें ओळखलें. चित्रांतला मंडप त्याला प्रत्यक्ष उभा दिसला. मग त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं तुळयांवर चढून, कित्येक शतकांची धूळ अंगावर घेत, खांब न् खांब मोजला आणि त्याच वर्षीं आंकडे व नकाशे छापून प्रसिद्ध केले.

पांच वर्षांनीं, १९३७ च्या उन्हाळ्यांत, लियांग व त्याची पत्नी लिन हुइयिन हीं खेंचरांवर बसून वूताई डोंगरांत गेलीं आणि तेथील फोक्वांग मठाचा मुख्य मंडप त्यांनीं उजेडांत आणला. त्याचा काळ, इ. स. ८५७, ठरविण्यास तुळईच्या खालच्या बाजूस शाईनें लिहिलेलीं नांवें उपयोगी पडलीं. तीं अंधुक अक्षरें प्रथम लिन हुइयिनच्या दृष्टीस आलीं आणि मंडपाकरितां दान देणारी एक स्त्री होती असें त्यांवरून निघालें. ज्या विश्वविद्यालयांत नवरा वास्तुविद्या शिकला तेथें त्या शाखेंत स्त्रियांना प्रवेश नव्हता, म्हणून हिनें ललितकलांच्या शाखेंत नांव घातलें होतें. त्याच जुलै महिन्यांत जपानशीं युद्ध सुरू झालें व पुढचीं कित्येक वर्षें त्या दोघांस निर्वासितासारखीं काढावीं लागलीं. बीजिंगमधील ज्या घरांत तीं त्या काळीं राहत असत तें घर, जुन्या वास्तु जतन कराव्या म्हणून सर्व चीनला शिकविणाऱ्या या दांपत्याचें घर, २०१२ सालीं पाडून टाकण्यांत आलें.

आम्ही हें सर्व लिहितों याचें कारण आपल्या गांवांत आहे. धुळ्याच्या जुन्या पेठांत, तसेंच अमळनेर, पारोळें, एरंडोल, चोपडें येथील गल्ल्यांत, सातपुड्याच्या सागाचीं खणांचीं घरें अद्याप कांहीं उभीं आहेत. तीं सर्व जपावींत असें म्हणणें सोपें आहे. त्यांत राहणाऱ्या कुटुंबानें गळकें धाबें आणि अंधारें माजघर किती पिढ्या सोसावें, हें सांगणें तितकें सोपें नाहीं. घर ज्याचें त्यानें तें पाडलें तर त्याला दोष देण्यास आम्ही धजत नाहीं. खांब व तुळया विकल्या जातात, त्यांच्या चौकटी व खुर्च्या होतात, यांतहि गैर कांहीं नाहीं. परंतु तुळई खाचेंतून निघाली कीं ती खाच कशी होती, टोंक किती बोटें आंत जात होतें, दोन तुळया एका खांबावर कशा मिळत होत्या, हें पुन्हां कोणास कळणार नाहीं. धुळ्यास कागद जपण्याची परंपरा आहे; इतिहासाचार्य राजवाडे १९२६ सालीं वारल्यावर त्यांचा संग्रह त्यांच्या नांवाच्या संशोधन मंडळानें तेथेंच संभाळला. ज्या घरांच्या माळ्यांवर व कोनाड्यांत तसले कागद पडून असत, त्या घरांचीं मापें मात्र कोणी घेतलीं नाहींत.

मापें घेण्यास मोठी विद्या लागते असेंहि नाहीं. एक फीत, एक ओळंबा, कागद व पेन्सिल, आणि घरच्या माणसांची परवानगी. तळखड्याची बाजू, खांबाचा घेर बुंध्याशीं व माथ्याशीं, एका खणाची लांबी, तुळईची उंची व रुंदी, आणि सांधा उघडा दिसत असेल तेथें त्याचें चित्र. खांबाला ओळंबा लावून तो सरळ आहे कीं आंत झुकलेला आहे हेंहि पाहावें. भाज्याच्या सुतारांचा तो झुकाव आपल्या सुतारांच्या हातांत कोठवर टिकला, हें त्यावरून कळेल. घराच्या कोणत्या भागाला कोणता शब्द आहे हें घरांतल्या आजोबांस विचारून त्याच कागदावर लिहावें, कारण शब्दहि तुळयांबरोबरच जातात.

दूले मठांत मोजमाप चाललें असतां जीचौच्या शाळेंतील एका शिक्षकानें लियांगला सांगितलें, कीं माझ्या गांवींहि, पाओ-ती येथें, असाच एक जुना मठ आहे. शिक्षकाच्या शब्दावर विश्वास ठेवून लियांग त्याच वर्षीं जून महिन्यांत तेथें गेला. मठाच्या मुख्य मंडपांत चाऱ्याचे ढीग पडलेले होते. वर पाहिलें तों छत लावलेलेंच नव्हतें; साऱ्या तुळया उघड्या, आणि ली ज्येच्या ग्रंथांत ज्यांचीं केवळ नांवें वाचलीं होतीं तीं लाकडें एकापाठोपाठ एक डोक्यावर दिसत होतीं. तो मंडप इ. स. १०२५ सालचा निघाला. लियांगनें तो मोजला व त्याचे नकाशे छापले. पुढें, १९४० नंतरच्या दशकांत, तो मंडप मोडून त्याचें लाकूड पुलाच्या कामीं लावलें गेलें. आज तो फक्त त्या नकाशांत आहे.